बालनाट्यात मूल कुठं आहे?

मराठी बालरंगभूमीवर टिकाऊ काम उभं करणाऱ्या एका प्राध्यापकाचा विषय नाट्यशास्त्र नव्हता, मानसोपचार होता. डॉ. मोहन आगाशे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत. लोक त्यांना ओळखत ते 'घाशीराम कोतवाल' नाटकातले नाना फडणवीस म्हणून. बर्लिनच्या 'ग्रिप्स' रंगभूमीला त्यांनी मॅक्स म्यूलर भवनाच्या साथीनं पुण्यात आणलं आणि १९८६ साली श्रीरंग गोडबोले यांनी मराठीत रूपांतर केलेलं 'छान छोटे वाईट मोठे' रंगमंचावर आलं.

तोवर आपलं बालनाट्य मुख्यत्वे राक्षस, चेटकिणी आणि राजकन्यांचं होतं. त्यात कमीपणा काहीच नाही. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' थाटामाटात उभं केलं, आणि मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' २०१८ मध्ये नव्यानं आलं तेव्हाही मुलांनी नाट्यगृहं भरली. ग्रिप्सनं मात्र चेटकीण बाजूला ठेवून घरातलं भांडण, शाळेतली भीती, मोठ्यांचा दुटप्पीपणा रंगमंचावर आणला. मुलांच्या भूमिका मोठ्या नटांनी केल्या, तेही बोबडं न बोलता. यात व्यवहारही आहे. नट मोठे असले की परीक्षा आडवी येत नाही, प्रयोग वर्षानुवर्षं चालतात. आणि मूल एकदाचं निवांत प्रेक्षक होतं.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात हेच दुर्मीळ. इथं बालनाट्य म्हणजे शाळेचं गॅदरिंग, नाहीतर स्पर्धा. एखादे हौशी सर शाळा सुटल्यावर तालमी घेतात, पदरचे पैसे घालून कपडे आणतात. त्यांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण स्पर्धा संपली की नाटक संपतं. संहितेत 'संदेश' हवा, म्हणून झाडं लावा, मोबाइल सोडा असं मुलांच्याच तोंडून मुलांना सांगितलं जातं. घरी 'माह्या', 'कायले' म्हणणारं पोरगं रंगमंचावर सदाशिव पेठेतलं बोलू लागतं. पांढरकवडा, झरी-जामणी भागात दिवाळीच्या दिवसांत दंडार ही लोककला रंगते. ती पाहत वाढलेल्या कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या मुलाला तर ही भाषा दुप्पट परकी.

याच मातीत दुसरं उदाहरण आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या 'तेरवं' या नाटकात शेतकरी आत्महत्यांमागं उरलेल्या स्त्रिया स्वतःच रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांतल्या वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं. 'तेरवं'त बाया बोलतात. त्याच घरांतल्या आठ-दहा वर्षांच्या मुलांना काय विचारायचं असेल? बाप कुठं गेला, हा प्रश्न बालनाट्याला झेपतो का? माझ्या मते झेपतो, पण लेखकाला आधी मुलांसोबत बसावं लागेल, आणि ते काम उन्हाळी शिबिराच्या आठ दिवसांत उरकणारं नाही.

इथं विद्यापीठाची गरज लागते. जिल्ह्यातली महाविद्यालयं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. ज्यांचं नाव या विद्यापीठाला दिलंय, त्यांचं कीर्तन समोरच्या माणसाला प्रश्न विचारतच पुढं सरकायचं. मुलांच्या नाटकाला यापेक्षा चांगला गुरू कुठून आणायचा? युवा महोत्सवात एकांकिका गाजवणाऱ्या पोरांतून चार-पाच जणांना मानधन देऊन वर्षभर ठेवावं. नाटक वर्गखोलीत मावेल असं, वऱ्हाडीत, जमल्यास कोलामी आणि बंजारांच्या गोरबोलीतही करावं, आणि बक्षिसाचा विषयच काढू नये.