इष्टतम ग्राही आणि त्रुटिसंभाव्यता : ‘पाली’ ह्या नामाच्या निमित्ताने

१

संदेशवहनशास्त्रात ‘इष्टतम ग्राही’ ह्या संज्ञेला नेमका अर्थ आहे. रवाने दूषित झालेला संकेत हाती आला असता, संभाव्य संदेशांपैकी कोणता पाठविला गेला असावा ह्याचा निर्णय जो ग्राही कमीत कमी त्रुटिसंभाव्यतेने करतो, तो इष्टतम होय. १९४३ साली नॉर्थ यांनी राडारच्या संदर्भात संकेताशी जुळणाऱ्या गाळणीचा विचार मांडला. १९४७ साली कोतेल्निकोव्ह यांनी आपल्या प्रबंधात आदर्श ग्राहीची कल्पना त्रुटीच्या संभाव्यतेवर उभी केली. पुढे १९६५ साली वोझनक्राफ्ट व जेकब्ज यांच्या ग्रंथाने ह्या विचाराला अध्यापनयोग्य असे सुघटित रूप दिले.

भाषाशास्त्राने ह्या शास्त्राकडून बरेच काही घेतले आहे. शॅनन यांचा १९४८ चा निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर अवघ्या चार वर्षांत याकबसन, फांट व हाले यांनी ध्वनींचे वर्णन द्विपर्यायी लक्षणांच्या द्वारे केले. वाहिनी, रव आणि अतिरिक्तता ह्या कल्पना अभ्यासकांच्या परिचयाच्या झाल्या. परंतु ह्या देवघेवीत ग्राहीच्या निर्णयाचा भाग उपेक्षित राहिला. इष्टतम ग्राही हा उत्तम ऐकणारा असतो, इतकेच गृहीत धरले गेले. त्याचे ‘इष्ट’ कोणते, हा प्रश्न क्वचितच उपस्थित झाला. तो प्रश्न येथे एका लहानशा नामाच्या आधारे तपासावयाचा आहे.

२

रत्नागिरी तालुक्यात मुंबई–गोवा महामार्गावर पाली हे गाव आहे. त्याच्या नावाशेजारी ‘पाळी’ हा नित्याच्या व्यवहारातला शब्द ठेवला, की मराठीतील एक लघुतम युग्म सिद्ध होते. काल आणि काळ, माल आणि माळ, गोला आणि गोळा ह्यांच्याप्रमाणेच येथेही सारा अर्थभेद ल आणि ळ ह्यांच्या भेदावर तोललेला आहे. तोंडाने उच्चारलेल्या शब्दात ह्या भेदाला जिभेच्या वळणाचा आधार तरी असतो. अंकीय संदेशात तो आधार किती सूक्ष्म होतो, हे पाहण्याजोगे आहे. यूनिकोडच्या तक्त्यात ‘ल’चा क्रमांक २३५४ आणि ‘ळ’चा २३५५ आहे. एक सम, दुसरा विषम. म्हणजेच द्विमान पद्धतीने लिहिल्यास दोहोंत केवळ शेवटच्या अंकाचा भेद. ‘पाली’ ह्या शब्दाची चार चिन्हे प्रत्येकी सोळा द्विमान अंकांनी लिहिली, तर एकूण चौसष्ट अंकांपैकी त्रेसष्ट दोन्ही शब्दांत सारखेच राहतात.

इष्टतम ग्राहीच्या उपपत्तीचे पहिले मर्म येथे उघड होते. दोन समसंभाव्य संदेशांतील त्रुटीची संभाव्यता त्या संदेशांच्या एकूण शक्तीवर अवलंबून नसते, तर रवाच्या मानाने त्यांच्यात अंतर किती आहे ह्यावर असते. जो भाग दोहोंत समान, तो कितीही जोराने पाठविला तरी निर्णयाला त्याचे साहाय्य शून्य. ‘पा’ मोठ्याने उच्चारून ‘ली’ आणि ‘ळी’ ह्यांतील संदेह मिटत नाही. त्रेसष्ट अंक निर्दोष पोहोचले आणि चौसष्टावा उलटला, तर गावाची पाळी होते.

३

संदेह उरला, की ग्राहीला दुसरा आधार घ्यावा लागतो. तो म्हणजे पूर्वसंभाव्यता. कोणता संदेश मुळातच अधिक वेळा येतो, हे ठाऊक असेल तर निर्णयाचा उंबरठा विरळ संदेशाच्या बाजूला सरकविणे गणिताने योग्य ठरते. ह्याचा परिणाम अंकांनी पाहू. समजा, भेद करणारा अंक ‘ल’साठी उणे एक आणि ‘ळ’साठी अधिक एक ह्या मूल्याने पाठविला जातो, रव गाउसीय असून त्याचे प्रमाण विचलन एक आहे, आणि दर हजार संदेशांत ‘पाळी’ नऊशे वेळा व ‘पाली’ शंभर वेळा येते.

पूर्वसंभाव्यतेकडे दुर्लक्ष करून उंबरठा शून्यावर ठेवला, तर दोन्ही संदेशांची त्रुटिसंभाव्यता सारखीच, सुमारे ०.१५९, राहते. हजारांत १५९ निर्णय चुकतात. आता इष्टतम ग्राही घेऊ. त्याचा उंबरठा उणे १.१० ह्या मूल्याजवळ जातो आणि हजारांतील एकूण त्रुटी १५९ वरून ७० वर उतरतात. सुधारणा निःसंशय मोठी आहे. परंतु ह्या सत्तर त्रुटींची वाटणी पाहिली पाहिजे. नऊशे ‘पाळी’पैकी फक्त सोळा चुकतात, शंभर ‘पाली’पैकी मात्र चौपन्न चुकतात. ‘पाली’साठी जी त्रुटिसंभाव्यता ०.१५९ होती, ती ०.५३९ झाली. एकूण त्रुटी निम्म्याहून खाली आली ती विरळ शब्दाच्या जिवावर. अर्ध्याहून अधिक वेळा गावाचे नाव चुकीचे वाचणारा हा ग्राही व्याख्येप्रमाणे इष्टतमच आहे, आणि त्याच्या गणितात कोठेही दोष नाही.

४

ह्यावर असा आक्षेप येईल, की जो शब्द विरळ त्याची हानीही विरळ. हा आक्षेप दोन कारणांनी टिकत नाही. पहिले असे, की वारंवारता आणि मोल ह्या भिन्न गोष्टी आहेत. निर्णयशास्त्राला हा भेद ठाऊक आहे. प्रत्येक त्रुटीला स्वतंत्र मूल्य देऊन सरासरी हानी लघुतम करण्याची रीत तेथे आहे. सर्वांत प्रतिकूल स्थितीतील हानी लघुतम करण्याचीही आहे. वरील उदाहरणात दोन्ही त्रुटींचे मोल सारखे मानले, तरी ह्या दुसऱ्या रीतीने उंबरठा पुन्हा शून्यावर येतो. तेव्हा लघुतम त्रुटिसंभाव्यता हा अनेक निकषांपैकी एक निकष आहे. तो निवडणे हा सिद्धान्त नसून निर्णय आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पूर्वसंभाव्यता निसर्गदत्त नसते. संग्रहित मजकूर मोजून ती ठरविली जाते. १९८३ साली बाल, जेलिनेक व मर्सर यांनी वाणी ओळखण्याचा प्रश्न ह्याच चौकटीत मांडला : ध्वनीची साक्ष एकीकडे, शब्दांची पूर्वसंभाव्यता दुसरीकडे. आज यंत्राने उतरविलेला मजकूर पुन्हा यंत्राच्याच शिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. तसे झाल्यास वरच्या ग्राहीच्या हजार निर्णयांत ‘पाली’ किती वेळा आढळेल? खरोखर ओळखलेली शेहेचाळीस आणि चुकून ठरलेली सोळा, मिळून बासष्ट. मूळच्या दहा टक्क्यांचे सहा पूर्णांक दोन दशांश झाले. हीच नवी पूर्वसंभाव्यता मानली, तर पुढच्या फेरीत शंभर ‘पाली’पैकी चौसष्ट हरवतील. विरळ शब्द अशा रीतीने आपल्या विरळपणामुळेच अधिक विरळ होतो. बोलींतील रूपे आणि लहान गावांची नावे ह्यांच्या बाबतीत हा धोका काल्पनिक मानता येत नाही.

५

पूर्वसंभाव्यता स्थलसापेक्षही असते. रत्नागिरीच्या बसस्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या उतारूच्या मनात ‘पाली’ हे रूप विरळ नाही. त्याच स्थानी ग्राही वेगळा उंबरठा ठेवील आणि तोही इष्टतमच असेल. उलट, अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे पाली रायगड जिल्ह्यात सुधागड तालुक्यात आहे. ही दोन ग्रामनामे उच्चारात आणि लेखनात एकच असल्यामुळे त्यांतील अंतर शून्य. येथे रव पूर्णपणे नाहीसा केला तरी त्रुटी जात नाही. अन्य संदर्भ नसेल, तर ज्याची पूर्वसंभाव्यता कमी ते गाव दर वेळी हरते. अशा प्रसंगी तालुक्याचे नाव जोडण्याची जनरीत ही अतिरिक्ततेची योजनाच होय. रव दूर करण्यासाठी नव्हे, तर अंतर निर्माण करण्यासाठी भाषा ती करते.

परिभाषेविषयीही येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ह्या ग्राहीला ‘सर्वोत्तम’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे, कारण त्या शब्दात निकष लपतो. ‘इष्टतम’ ही संज्ञा अधिक प्रामाणिक आहे. इष्ट म्हटले की कोणाला इष्ट, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. त्याचप्रमाणे ‘चूक’ ह्या शब्दात कर्त्याच्या हयगयीचा जो ध्वनी आहे, तो ‘त्रुटि’ शब्दात नाही. इष्टतम ग्राहीच्या त्रुटीत हयगय नसते. म्हणूनच ती शोधण्यासाठी ग्राहीचे कौशल्य तपासून भागत नाही, त्याचा निकष तपासावा लागतो.

सारांश, इष्टतम ग्राहीची उपपत्ती भाषाभ्यासाला त्याज्य नाही. उलट निर्णय, अंतर आणि पूर्वसंभाव्यता ह्या तिच्या तीन अंगांसह ती पूर्णपणे स्वीकारली पाहिजे. मात्र मराठीसाठी वाचणारी वा ऐकणारी यंत्रे तपासताना एकूण त्रुटीचा एकच आकडा पुरेसा मानू नये. विरळ रूपांची त्रुटिसंभाव्यता स्वतंत्रपणे मांडली जावी. हजारांत सत्तर हा आकडा खरा असतो, आणि शंभरांत चौपन्न हाही तितकाच खरा असतो; पहिला छापून दुसरा वगळणे शास्त्राला शोभणारे नाही.