विक्रम राजा एकदाच निरुत्तर होतो

दिवाळीत अकोटला गेलो की माळा आवरायचं काम माझ्याकडे येतं. यंदा तिथे मामाच्या लहानपणचे 'चांदोबा'चे अंक निघाले. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण विक्रम-वेताळाची पानं शाबूत. हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि वाकून चालणारा राजा. लहानपणी हे चित्र मी हातानं झाकून गोष्ट वाचायचो.

तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटच्या तयारीत आहात. भुताच्या गोष्टीचं इथे काय काम, असं वाटेल. पण ही गोष्ट संशोधनाच्या तयारीत असताना एकदा नीट वाचायला हवी.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'चांदामामा' 1947 मध्ये मद्रासहून सुरू झालं. त्याची मराठी आवृत्ती म्हणजे 1952 पासूनचा 'चांदोबा'. ते प्रसिद्ध चित्र के. सी. शिवशंकर यांचं. 'शंकर' या नावानं चित्रं काढणारे हे चित्रकार 2020 मध्ये वारले. यात चौकटी नाहीत, फुगे नाहीत, त्यामुळे काटेकोर अर्थानं हे कॉमिक नव्हे. पण आपल्याकडच्या कित्येक मुलांना चित्रातून पहिली भीती भेटली ती इथेच. (इंद्रजाल कॉमिक्सचा मुखवटेवाला 'वेताळ' वेगळा. तो अमेरिकन फँटम, नाव तेवढं आपलं.)

याच काळात अमेरिकेत 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'सारखी भयकॉमिक्स खपत होती. त्यातही एक भुताटकीचा सूत्रधार गोष्ट सांगतो. पण तिथे शेवटी दुष्टाला भयंकर शिक्षा होते, सूत्रधार एक विनोद करतो आणि वाचक सुटतो. आपला वेताळ वाचकाला सोडत नाही. तो प्रश्न विचारतो आणि अट घालतो: उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. राजानं तोंड उघडलं की प्रेत परत झाडावर. माझी आजी यावर वैतागायची, "थो बोलते काऊन? चूप राह्यला असता तं केव्हाचाच पोचला असता मसनात!"

पुन्हा वाचताना मला वाटलं, या गोष्टीतली खरी भीती प्रेताची नाहीच, अटीची आहे. बोललो तर काम बिघडतं, गप्प राहिलो तर जीव जातो. पानभर प्रेतं-कवट्या काढूनही ही कोंडी तयार झाली नसती. 'चांदोबा'चं हे सदर इतकी वर्षं टिकलं, त्यात या अटीचा वाटा मोठा आहे.

आता तक्रार. माळ्यावरच्या एकाही अंकात राजा अडत नाही. प्रश्न आला की दोन ओळींत निवाडा. लहानपणी त्याचा रुबाब वाटायचा, आता खटकतं. मूळ कथांमधलंच एक कोडं घ्या. नवरा आणि भाऊ यांची तुटलेली डोकी एक बाई चुकून एकमेकांच्या धडांवर बसवते. आता तिचा नवरा कोण? राजा सांगतो, ज्याला नवऱ्याचं डोकं तो, कारण शरीरात डोकं श्रेष्ठ. वेताळाला पटतं, विषय संपतो. पण गिरीश कार्नाडांनी 'हयवदन'मध्ये याच कोड्यावर आख्खं नाटक उभं केलं, ते या उत्तरानं समाधान झालं नाही म्हणूनच. राजाचं उत्तर हे एक गृहीतक होतं, गोष्टीनं त्याला निष्कर्ष मानलं.

मूळ ग्रंथ मात्र शेवटी शहाणा होतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं 'कथासरित्सागरा'त या कथा घेतल्या. (मराठीत त्या एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या 'वेताळपंचविशी'तून आल्या.) तिथे शेवटचं कोडं असं: बाप एका मुलीशी लग्न करतो आणि त्याचा मुलगा त्या मुलीच्या आईशी. दोन्ही जोडप्यांना मुलं झाली तर त्यांचं आपसात नातं काय? राजा विचार करतो, उत्तर सापडत नाही, आणि तो मुकाट चालत राहतो. डोकं फुटत नाही, कारण अट 'माहीत असून' गप्प राहण्याची होती.

वेताळ यावर खूश होतो. ज्या साधूसाठी राजा प्रेत वाहतोय, तो राजाचाच बळी देणार आहे, हे तो सांगून टाकतो. वर उपायही सांगतो: साधू दंडवत घालायला सांगेल, तेव्हा म्हण, मला येत नाही, आधी तुम्ही करून दाखवा. साधू वाकतो आणि राजा त्याचं डोकं उडवतो. म्हणजे राजाचा जीव वाचला तो निरुत्तर झाल्यामुळे आणि 'मला येत नाही' म्हटल्यामुळे.

मासिकाला हा शेवट परवडणारा नव्हता. राजा अडला की सदर बंद! मूळच्या पंचवीस कथा संपल्यावरही त्याच साच्यात नव्या गोष्टी येत राहिल्या. धंद्याच्या दृष्टीनं बरोबरच. पण त्यामुळे माझ्यासारख्यांच्या मनात बसला तो कधीच न अडणारा राजा.

आता वेताळाच्या अटीचा तक्ता मांडा. माहीत आहे आणि बोलला: प्रेत झाडावर. माहीत आहे आणि गप्प: डोकं फुटेल. माहीत नाही आणि गप्प: सुटका. चौथा रकाना उरतो, माहीत नाही आणि बोलला. त्याबद्दल अट काहीच सांगत नाही. आपण मात्र मुलाखतीत सर्रास तिथेच उभे असतो.

मीही होतो. माझं काम मातीतल्या जिवाणूंवर आहे. पहिल्या प्रगती सेमिनारमध्ये विचारलं गेलं, "निर्जंतुक केलेल्या मातीच्या कंट्रोलमध्ये वसाहती कशा?" मला माहीत नव्हतं. मी ठणकावून सांगितलं, "तापमानामुळे." मग ते सिद्ध करण्यात तीन महिने घालवले. खरं कारण साधं होतं. मातीतले काही बीजाणू ऑटोक्लेव्हच्या एका फेरीत मरत नाहीत, म्हणून लागोपाठ दोन-तीन दिवस फेऱ्या द्याव्या लागतात. मी एकच दिली होती. "माहीत नाही" म्हटलं असतं, तर समोरच्यांपैकी कुणीतरी तिथेच सांगितलं असतं.

तेव्हा मुलाखतीत अडलात तर नुसतं "नाही येत" म्हणून खाली बघू नका. कुठपर्यंत माहीत आहे ते सांगा, कुठे अडलं ते सांगा, आणि ते शोधायला आधी काय तपासाल तेही सांगा. आणि माहीत असेल तर संकोच न करता बोला, वेताळाची ती अट तर आहेच.

अंक मी अकोटलाच ठेवून आलो. त्यांना आता डांबरगोळ्या घातल्या आहेत.