ईलचं एन्झाइम, किनवटचं रक्त

ग्लुकोमीटरची पट्टी तुम्ही पाहिलीच असेल. तिच्यावर एन्झाइम (शाळेतलं 'विकर') वाळवून लावलेलं असतं आणि त्याच्या मदतीनं रक्तातली साखर मोजली जाते. आज ज्या सेन्सरबद्दल लिहितेय, त्यात काम उलटं आहे. पट्टीवर एन्झाइमचं खाद्य असतं आणि रक्तातलं एन्झाइम ते किती वेगानं फोडतंय, हे मोजायचं असतं.

हे एन्झाइम म्हणजे कोलिनएस्टरेज. मज्जातंतूचा निरोप पोचला की निरोप्या रसायन साफ करणं हे त्याचं काम. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट 'औषधं' (आपल्याकडे विषालाही औषधच म्हणतात) त्याला कुलूप लावतात. मग लाळ गळते, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास अडतो. 2017 च्या खरिपात यवतमाळमध्ये फवारणी करताना माणसं दगावली. यवतमाळची हद्द ओलांडली की आपलं किनवट-माहूर. कापूस तिथे, सोयाबीन-तूर इथे नांदेड-लातूरला, आणि पाठीवरचा पंप दोन्हीकडे तोच.

सेन्सरची कल्पना खरंच सुरेख आहे. लग्नपत्रिका छापतात त्याच स्क्रीन प्रिंटिंगनं कार्बनची शाई प्लॅस्टिकवर छापायची. खाद्य म्हणून अ‍ॅसिटिलथायोकोलिन द्यायचं. एन्झाइम जिवंत असेल तर त्यातून थायोकोलिन सुटतं, त्याचं इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण होतं आणि करंट मिळतो. करंट कमी, म्हणजे एन्झाइम अडलेलं. 1961 सालची एलमनची पद्धत हेच पिवळ्या रंगावरून, 412 नॅनोमीटरवर मोजते. पण तिथेच हिमोग्लोबिनही प्रकाश शोषतं. इलेक्ट्रोडला रक्ताच्या लाल रंगाशी काही देणंघेणं नसतं. हा फायदा मोठा आहे.

मग माझी तक्रार काय? या विषयावरचे पेपर काढून बघा. बऱ्याच ठिकाणी एन्झाइम विकतचं, शुद्ध केलेलं, विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाचं. द्रावण बफरचं. 'प्रत्यक्ष नमुना' म्हणजे नळाच्या पाण्यात किंवा सफरचंदाच्या रसात आपणच मिसळलेलं कीटकनाशक. आणि सारांशात मिरवायला ओळखमर्यादेचा आकडा, तोही आधीच्या पेपरपेक्षा दहापट कमी. पाण्यातला अंश शोधायचा असेल तर ठीक. पण प्रस्तावनेत शेतमजुराचं नाव घेतलं असेल, तर हा आकडा त्याच्या काय कामाचा?

त्याचा प्रश्न वेगळा आहे: माझं एन्झाइम माझ्या नेहमीच्या पातळीपेक्षा किती उतरलं? कोलिनएस्टरेजची पातळी माणसागणिक इतकी बदलते की एखाद्याची 30 टक्के घसरूनही अहवालात 'नॉर्मल' येऊ शकते. म्हणून कॅलिफोर्नियात हंगामाआधी प्रत्येकाची मूळ पातळी नोंदवतात. लाल पेशींतली पातळी तिच्या 70 टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातली 60 टक्क्यांवर आली की त्या माणसाला फवारणीवरून हटवतात. आपला मजूर रोजंदार, आज या शिवारात, उद्या त्या. त्याचा जूनमधला आकडा ऑगस्टमध्ये सापडेल अशी सोय केल्याशिवाय पट्टी कितीही इवली केली तरी अर्धीच. शिवाय एन्झाइमचा वेग तापमानाबरोबर बदलतो. एसी प्रयोगशाळेतला 25 अंशांचा आलेख उपकेंद्राच्या पत्र्याखाली चालत नाही.

'शेतावर नेता येईल असं साधन नाही' हे प्रस्तावनेतलं ठरलेलं वाक्यही तपासायला हवं. टेस्ट-मेट नावाचा रंगावर चालणारा संच आधीपासून आहे. बोटातून 10 मायक्रोलिटर रक्त घेतो, हिमोग्लोबिन आणि तापमानाची दुरुस्तीही करतो. नव्या सेन्सरची तुलना त्याच्याशी व्हावी, आपल्याच गटाच्या मागच्या इलेक्ट्रोडशी नाही.

आणखी एक. यवतमाळच्या वेळी चर्चेत आलेल्या औषधांत डायफेन्थियुरॉनही होतं. ते कोलिनएस्टरेजला कुलूप लावून मारत नाही, पेशीच्या ऊर्जानिर्मितीवर घाव घालतं. म्हणजे माणूस तडफडत असेल आणि आपला सेन्सर भरपूर करंट दाखवत 'ठीक आहे' म्हणेल. मी वाचलेल्या पेपरांच्या 'मर्यादा' या परिच्छेदात याबद्दल एक ओळही क्वचितच दिसली.