शाश्वत शेती आणि नीरेची खारवट जमीन

‘पर्माकल्चर’ या शब्दाचें ‘शाश्वत शेती’ असें भाषांतर करून आपण मोकळे होतों. परंतु त्याचें मर्म त्यांत पुरतें उतरत नाहीं, असें आम्हांस वाटतें. ऑस्ट्रेलियांतील बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन यांचें ‘पर्माकल्चर वन’ हें पुस्तक १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील विद्या मुख्यतः मांडणीची आहे. रोज हात लागणारा भाजीचा वाफा घरालगत, क्वचित् लक्ष मागणारें झाड दूर. एकाचें उच्छिष्ट दुसऱ्याचें अन्न. आणि भिस्त बहुवर्षायु वृक्षांवर. मोरीचें पाणी अळूला व केळीला देणाऱ्या आपल्या गृहिणीस यांत नवल वाटणार नाहीं. तिच्या संवयीला शास्त्राचें रूप दिलें, हें लेखकद्वयाचें श्रेय.

तथापि हें शास्त्र बारामती-जळोचीच्या परिसरांत पारखून पाहिलें पाहिजे. हा प्रदेश मूळचा अवर्षणाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला आणि पुढें उसाचें ऐश्वर्य पसरलें. पाणी येण्याची वाट झाली, जाण्याची मात्र राहून गेली. भारी काळ्या जमिनींत पाण्याची पातळी चढली व तिजबरोबर क्षार वर आले. डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं एका सहकाऱ्यासह नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर पत्रिका लिहिली, ती १९१० सालीं.

येथेंच त्या पुस्तकाची उणीव जाणवते. त्याची मांडणी घरापासून बाहेर सरकते. पाणी बांध ओळखीत नाहीं. वरच्यानें उसाला वाजवीपेक्षां अधिक पाणी दिलें, तर खार फुटतो खालच्याच्या रानांत. त्यानें आपल्या दहा गुंठ्यांत झाडें, वेल व आच्छादन यांची कितीहि कुशल जुळणी केली, तरी निचऱ्याचा चर शेजाऱ्याच्या रानांतून ओढ्यापर्यंत गेल्यावांचून त्याची सुटका नाहीं. शाश्वततेचा हिशेब साऱ्या शिवारानें मिळून मांडावा लागतो.

भूमीची काळजी, माणसांची काळजी व न्याय्य वाटणी अशीं तीन नीतितत्त्वें हा पंथ सांगतो. त्यांतील तिसरें आमच्याकडे प्रथम पाण्यास लागू केलें पाहिजे. श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’नें शेतकऱ्यांस एकमेकांचे प्रयोग पारखावयास शिकविलें, निचऱ्याचा प्रश्नहि त्याच वाटेनें सुटण्यासारखा आहे. म्हणून या विद्येच्या अभ्यासकानें पाणी कोठून आणावें हें विचारतांना, तें शेवटीं कोणाच्या रानांत जाऊन मुरतें, हेंहि विचारावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.