मार्दीनच्या फतव्यांतील एक पाठभेद

‘ध’ चा ‘मा’ कसा झाला ही कथा महाराष्ट्रांत कोणास नव्यानें सांगावयास नको. नारायणराव पेशव्यांस ‘धरावें’ असें मूळ पत्रीं होतें, त्याचें ‘मारावें’ केलें गेलें, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत त्या अक्षरानें प्राण घेतला, अशी परंपरा आहे. तिची विश्वसनीयता किती, हा प्रश्न निराळा. परंतु याच जातीचा एक पाठभेद अरबी वाङ्मयांत घडलेला आहे, आणि तो दंतकथा नसून हस्तलिखितावरून सिद्ध होण्याजोगा आहे. इस्लामी धर्मग्रंथांचा आधार सांगून हत्येचें समर्थन करणाऱ्या अतिरेकी पक्षांच्या वाङ्मयाची परीक्षा करतांना संशोधकांनीं त्याकडे लक्ष द्यावें, एवढ्याकरितां हा लेख.

इब्न तैमिया (इ. स. १२६३–१३२८) हा दमास्कसचा हंबली शास्त्री. त्याचे वेळीं मार्दीन शहरांत, जें आज तुर्कस्थानांत मोडतें, अर्तुकी घराण्याचे मुसलमान राजे इराणच्या मोंगलांचे मांडलिक होऊन राज्य करीत होते. तेव्हां त्यास प्रश्न आला कीं, हें शहर ‘दारुल-इस्लाम’ समजावें कीं ‘दारुल-हर्ब’, आणि तेथील मुसलमानांनीं देशत्याग करावा कीं काय. उत्तराचा आशय असा: मुसलमानांचे प्राण व वित्त, ते मार्दीनांत असोत वा अन्यत्र, यांस हात लावणें निषिद्ध आहे, तेथील रहिवाशांस सरसकट दांभिक म्हणूं नये, धर्माचरण अशक्य नसेल तर देशत्यागही आवश्यक नाहीं, शहर संमिश्र, म्हणजे दोहोंहून निराळ्या तिसऱ्या प्रकारचें आहे, तेथें मुसलमानास त्याच्या योग्यतेप्रमाणें वागवावें. यापुढें शरीयतीबाहेर गेलेल्या मनुष्याविषयीं जें वाक्य आहे, त्यांतील क्रियापदांत पाठभेद आहे.

हस्तलिखितांत ‘युआमल’, म्हणजे वागवावें, असें आहे. छापील ग्रंथांत ‘युकातल’, म्हणजे त्याशीं लढावें, असें आहे. दोन्ही शब्दांत आद्य ‘ये’, मधला ‘अलिफ’ व अंत्य ‘लाम’ हीं समान; ‘ऐन’चा ‘काफ’ आणि ‘मीम’चा ‘ते’ झाला एवढाच फरक. ‘काफ’ व ‘ते’ यांवर दोन-दोन नुक्ते असतात. नुक्ते गळाले किंवा नकलकारानें कल्पिले म्हणजे काय होतें, हें फारसी रुमाल चाळणाऱ्यांस सांगावें लागणार नाहीं.

साक्षीदार पाहतां निर्णय कठीण नाहीं. दमास्कसच्या जाहिरिया ग्रंथालयांतील हस्तलिखित प्रतींत ‘वागवावें’ आहे. इब्न तैमियाचा साक्षात् शिष्य इब्न मुफ्लिह यानें आपल्या ग्रंथांत हा फतवा उतरून घेतला आहे, त्यांतही तसेंच. ‘लढावें’ हा पाठ १९०९ सालीं काहिऱ्यास छापलेल्या फतवासंग्रहांत शिरला, पुढें ‘मज्मूउल-फतावा’ या मोठ्या संग्रहांत गेला, आणि तोच संग्रह सर्वत्र हातीं असल्यामुळें प्रमाण होऊन बसला. अंतर्गत पुरावाही त्याविरुद्ध आहे. ‘ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणें वागवावें’ ही शास्त्र्याची सहज वाक्यरचना. ‘योग्यतेप्रमाणें लढावें’ म्हणजे काय, हें छापणारासही सांगतां आलें नसतें.

आतां या पाठावर इमारत कोणी बांधली तें पाहूं. मुहम्मद अब्दुस्सलाम फरज हा काहिऱ्याचा विजेच्या कामांतील इंजिनियर. ‘अल्-फरीजा अल्-गायिबा’, म्हणजे विसरलें गेलेलें कर्तव्य, ही त्याची पुस्तिका. मुसलमान म्हणविणारे पण परकीय कायद्यानें राज्य करणारे आजचे सत्ताधीश हे इब्न तैमियाच्या काळच्या मोंगलांसारखेच होत, म्हणून त्यांशीं लढणें हें प्रत्येकाचें कर्तव्य, असा तिचा मथितार्थ. ६ ऑक्टोबर १९८१ रोजीं अध्यक्ष सादात यांचा वध झाला; १५ एप्रिल १९८२ रोजीं फरज फांशीं गेला. मार्दीनचा फतवा तो आधारास घेतो, आणि तोही छापील पाठानुसार. ज्या उत्तराच्या आरंभींच मुसलमानांच्या प्राणास हात लावूं नये असें म्हटलें आहे, त्याच उत्तरावर मुसलमान राज्यकर्त्याच्या वधाचें समर्थन उभें राहिलें.

कुराणाविषयींही त्याची रीत तीच. नवव्या सुरेंतील पांचव्या आयतीनें सबुरी व क्षमा यांच्या शंभराहून अधिक आयती रद्द झाल्या, हें जुन्या टीकाकारांचें मत तो पुढें करतो. परंतु त्याच परंपरेंत सुयूतीनें रद्द आयतींची संख्या वीसच्या आसपास आणली, आणि दिल्लीचे शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनीं ती पांचावर आणली, याचा पत्ता वाचकास लागत नाहीं. शिवाय चौथी आयत करार पाळणाऱ्या मूर्तिपूजकांस वगळते, आणि सहावी आश्रय मागणाऱ्यास सुरक्षित स्थळीं पोंचविण्यास सांगते. मागचें व पुढचें पान फाडून मधला कागद दाखविणारा वकील कोणत्याही न्यायसभेंत टिकणार नाहीं.

इतकें म्हटल्यावर दुसऱ्या पक्षासही दोन शब्द ऐकविणें प्राप्त आहे. सर्व दोष छापखान्याचा, असें सांगणारे सज्जन इब्न तैमियाचे मोंगलांविरुद्धचे इतर फतवे सोयीस्करपणें विसरतात. तेथें ‘लढावें’ हाच शब्द आहे आणि पाठभेद नाहीं. जुन्या फिकहांत युद्धाचीं प्रकरणें आहेत, तीं राजाच्या आज्ञेच्या व कराराच्या मर्यादेंत आहेत, हें खरें, पण आहेत. मार्च २०१० मध्यें मार्दीन येथेंच जमलेल्या उलेमांनीं, शेख अब्दुल्ला बिन बय्या यांच्या पुढाकारानें, हा फतवा हत्येस आधार म्हणून घेणें चूक आहे असें जाहीर केलें. त्यांचें पाठशोधन निर्दोष आहे. तरी येमेनमधील अल्-कायदाच्या प्रचारकांनीं त्याच वर्षीं तें झिडकारलें. शुद्ध पाठ हातीं देतां येतो, तो वाचण्याची इच्छा देतां येत नाहीं.

हा विषय आपल्यापासून दूर आहे असें मानण्याचें कारण नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर झालेल्या हल्ल्यांत १६६ माणसें मेलीं. त्या रात्रीं टॅक्सींत ठेवलेला एक बाँब विलेपार्ल्यास, म्हणजे या गोरेगांवापासून अगदीं थोड्या अंतरावर, फुटला. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांस मरीन लाइन्सच्या बड्या कबरस्थानांत जागा देण्यास तेथील मुसलमान विश्वस्तांनीं नकार दिला. हा कृतीनें दिलेला फतवाच होय, आणि तो कोणत्याही छापील संग्रहांत नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक सूचना. गोरेगांवाहून आठ-नऊ मैलांवर, माहीमास, मखदूम फकीह अली माहीमी यांचा दर्गा आहे. हिजरी ८३५ त वारलेल्या या कोंकणी पंडितानें ‘तब्सीरुर्रहमान’ ही कुराणावरील अरबी टीका लिहिली. प्रत्येक आयतीचा मागील आयतीशीं संबंध लावणें, आणि प्रत्येक सुरेच्या आरंभींच्या ‘बिस्मिल्ला’चा अर्थ त्या सुरेच्या विषयास धरून निराळा सांगणें, ही तिची ख्याती; म्हणजे फरजच्या रीतीच्या नेमकी उलट रीत. ती हिजरी १२९५ त बुलाकच्या छापखान्यांत छापली गेली. दर्ग्याच्या उरुसास लोक लोटतात, टीकेकडे मात्र फारसें कोणी फिरकत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं तिच्या हस्तलिखित प्रती असतील, त्यांनीं नवव्या सुरेचीं पानें बुलाकच्या प्रतीशीं ताडून पाहावीं व आढळलेले पाठभेद या त्रैमासिकाकडे धाडावे. बुलाकची प्रतही छापीलच आहे.