स्मरणरंजन आणि खूणगाठ



आजचा विषय हलकाफुलका वाटेल असा आहे. लहानपणीची चित्रपुस्तकं, खेळणी आणि हरवलेले दोस्त. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस चांदोबावर काय बोलणार, अशी शंका इथं आलेल्या काहींना असेल. चांदोबावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण आम्हाला आज तपासायची आहे ती आपली सवय : चांदोबाबद्दल, भोवऱ्याबद्दल, जुन्या दोस्तांबद्दल आपण ज्या पद्धतीनं बोलतो ती.

या बोलण्याला मराठीत एक शब्द आहे, स्मरणरंजन. 'नॉस्टॅल्जिया'साठी आपण तो वापरतो. आता गंमत बघा. मूळ शब्द १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं बाझलच्या विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात घडवला. घरी परतणं या अर्थाचा एक ग्रीक शब्द त्यानं घेतला, त्याला वेदना या अर्थाचा दुसरा जोडला. घरापासून दूर पडलेल्या माणसांना जडणारा तो आजार होता. माणसं खंगायची, जेवण जायचं नाही, झोप यायची नाही. हा शब्द मराठीच्या उंबऱ्यावर आला तेव्हा त्यातली वेदना बाहेर राहिली आणि रंजन तेवढं आत आलं. मराठी शब्द ज्या कुणी केला असेल त्याला आम्ही दोष देत नाही. त्यानं आपल्या सवयीला अचूक नाव दिलं.

पुढं १७९८ साली कांटनं आपल्या मानवशास्त्रावरच्या ग्रंथात या आजाराची दखल घेतली. तो म्हणतो ते आपल्या शब्दांत सांगायचं तर असं : ही माणसं शेवटी गावी परततात आणि निराश होतात. त्यांना वाटतं, गाव बदललं. खरी गोष्ट अशी असते की तिथं घालवलेलं तारुण्य त्यांना परत आणता येत नाही. पण कांट पुढं हेही सांगतो, की परतल्यामुळंच ती बरी होतात. म्हणजे जाऊन बघितलं की आजार उतरतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याला तो शेवटी लागणार आहे. आपलं रंजन टिकतं ते आपण जाऊन बघत नाही म्हणून.

आमच्या पिढीच्या बालपणात दोन वेताळ होते.

पहिला चांदोबातला. चांदोबा यायचा मद्रासहून. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये 'चंदामामा' सुरू केला. मराठी चांदोबा १९५२ चा. आज 'आमच्या वेळचं मराठी बालपण' म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, त्याचा एक मोठा तुकडा तेलुगू माणसांनी छापलेला आणि शंकर नावाच्या तमिळ चित्रकारानं रंगवलेला आहे. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, स्मशानातून चाललेला विक्रम. हे चित्र आठवत नाही असा माणूस आमच्या वयाच्या वाचणाऱ्यांत सापडायचा नाही.

आता एक करून बघा. त्यातली एखादी गोष्ट आठवा. वेताळ राजाला प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक प्रश्न विचारायचा. त्याग कुणाचा मोठा? दोष कुणाचा? उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, अशी धमकीही द्यायचा. या प्रश्नांपैकी किती आठवतात? आपल्याजवळ राहिलं ते चित्र. प्रश्न गेले. स्मरणरंजनाचं काम हे असं चालतं. ते प्रेत खांद्यावर ठेवतं आणि वेताळाचं तोंड बंद करतं.

दुसरा वेताळ इंद्रजाल कॉमिक्समधला. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेनं १९६४ मध्ये ही मालिका काढली, पुढं ती मराठीतही मिळू लागली आणि १९९० मध्ये बंद पडली. हा वेताळ म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकानं १९३६ साली निर्माण केलेला फँटम. जंगलात राहणारे काळे लोक आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं रक्षण करणारा एक गोरा माणूस, अशी सगळी मांडणी. देश स्वतंत्र होऊन पुरती वीस वर्षं झाली नव्हती, आणि आपल्याकडची पोरं कवटीच्या अंगठीची स्वप्नं बघत होती. पोरांचं काही चुकलं असं आम्ही म्हणत नाही. दहा वर्षांच्या पोरानं घोडा, गुहा आणि मुखवटाच बघायचा असतो. पण सत्तरीच्या माणसानंही तेवढंच बघावं? 'आमच्या लहानपणचं ते, चांगलंच होतं' असं आपण म्हणतो तेव्हा जुन्या पुस्तकाचा मान राखत नाही. ते पुन्हा वाचण्यासारखं आहे, हे आपण नाकारत असतो.

ही सवय आता बाजारालाही कळली आहे. रावळगावच्या गोळ्या आठवतात ना? २०२४ मध्ये त्या गोळ्यांची नावं आणि पाककृती २७ कोटी रुपयांना एका मोठ्या उद्योगसमूहानं विकत घेतल्या. यात गैर काही नाही, व्यापार आहे तो. पण आपली आठवण विकाऊ असू शकते एवढं यावरून कळतं. आणि जी आठवण विकायची, ती गोडच असावी लागते. कडू गोळी कोण घेणार?

खेळण्यांकडं वळू. आपल्या वऱ्हाडात विकतचं खेळणं कमी घरांत होतं. पोळा आला की नाल्याकाठची चिकण माती आणायची, बैल करायचे, शिंगं काडीनं नीट करायची. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई मांडायच्या. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोबा, टिपऱ्या, गाणी, आणि शेवटी डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा. विटीदांडू, गोट्या, भोवरा हे तर होतंच.

या खेळण्यांत एक सारखेपणा दिसेल. ती टिकण्यासाठी केलेली नव्हती आणि एकट्यानं खेळण्यासाठीही नव्हती. मातीचा बैल पुढच्या पोळ्यापर्यंत राहत नसे. भुलाबाईला निरोप द्यावाच लागे. विटी टोलवायला एक लागतो तसा झेलायला दुसरा लागतो. म्हणजे खेळण्याचा अर्धा भाग लाकूड-माती आणि अर्धा भाग सोबती. आज ऑनलाइन मागवलेला लाकडी भोवरा दिवाणखान्याच्या कपाटात ठेवला जातो तेव्हा त्यातला लाकडाचा भाग परत आलेला असतो. दुसरा भाग कुठं आहे, हे विचारायचं राहून जातं.

चित्रपुस्तकांचंही तसंच. बालभारतीनं १९७१ मध्ये 'किशोर' मासिक सुरू केलं, त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. उत्तम काम आहे. अंक सापडतो. तो अंक ज्याच्या खांद्यावरून डोकावून वाचला तो सापडत नाही.

आता खऱ्या अवघड भागाकडं येऊ. हरवलेले मित्र.

हल्ली गावोगावी स्नेहमेळावे होतात. अमुक सालची मॅट्रिकची बॅच, दहावीची बॅच. व्हॉट्सॲपवर ग्रुप होतो, जुना फोटो पडतो, हार-तुरे, जेवण, कुणी गाणं म्हणतं. डोळे पाणावतात. ते पाणी खोटं आहे असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. प्रश्न आहे तो 'बॅच' या शब्दाचा. बॅच कुठून मोजतात? शेवटच्या वर्गापासून. जे शेवटपर्यंत पोचले त्यांची बॅच. पहिलीत जे शेजारी बसले होते आणि चौथीनंतर दिसले नाहीत, ते कुठल्याच बॅचमध्ये नाहीत. ज्यानं भोवऱ्याला जाळी गुंडाळायला शिकवलं तो बहुधा त्यांच्यातच असतो. कारण भोवऱ्यात पटाईत पोरं पुष्कळदा गुरं राखायला लवकर लागली.

ते हरवले, असं आपण म्हणतो. जत्रेत लेकरू हरवावं तसं. पण त्यांचं जाणं काही आपोआप घडलं नाही. गावात शाळा चौथीपर्यंत आणि पुढची तालुक्याला, म्हणून कुणी गेलं. कुणी सालदार म्हणून राहिलं. १९७२ च्या दुष्काळात कितीतरी घरं खडी फोडायला गेली, त्यांच्या पोरांची पाटी मागं राहिली. कुणाला वर्गात वेगळं बसवलं जाई, त्याला शाळा आपली वाटलीच नाही. आणि भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या पोरी? ती गाणी सासर-माहेराचीच होती. गाता गाता त्या सासरी गेल्या. आडनाव बदललं, कुणाचं पहिलं नावही बदललं. आज फेसबुकवर शोधून त्या सापडत नाहीत, कारण शोधायला ते नावच उरलेलं नाही.

१९७९ साली प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' आलं. नाव ऐकून कुणाला गोड काही वाटेल. आत आहे आईबापाविना वाढलेल्या दलित पोराची भूक आणि शिकण्याची ओढ. हेही बालपणच, आणि आपल्याच मुलखाच्या शेजारचं. हे पुस्तक वाचल्यावर 'आमच्या वेळचं बालपण' हे शब्द उच्चारताना जीभ जरा अडखळली पाहिजे. 'आमच्या' म्हणजे कुणाच्या?

इथं आम्हाला कालिदासाची साक्ष काढायची आहे. कवटीच्या अंगठीपेक्षा फार जुनी एक अंगठी आपल्याकडं आहे. शाकुंतलाचा पाचवा अंक आठवा. आतून हंसपदिकेचं गाणं ऐकू येतं आणि दुष्यंताला हुरहूर लागते. त्याला वाटतं, मागल्या जन्मीचे काही स्नेह मनात जागे होत असावेत. किती हळवा, किती रसिक राजा! आणि त्याच अंकात, थोड्याच वेळात, शकुंतला प्रत्यक्ष समोर येऊन उभी राहते. तो तिला ओळखत नाही.

आमच्या मते स्मरणरंजनावरची याहून कठोर टीका जगातल्या कुठल्या नाटकात नसेल. हुरहूर आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हुरहूर भरपूर असून ओळख शून्य असू शकते. दुष्यंताला निदान शापाचं निमित्त होतं. आपल्याला कुठला शाप आहे? मेळाव्याच्या मंडपाबाहेर जो जेवणाच्या खुर्च्या मांडतो आहे, तो पहिलीतला सोबती असू शकतो.

आपल्या नैयायिकांनी हा भेद नेमका केला आहे. निव्वळ संस्कारातून उठते ती स्मृती, आणि ते तिला प्रमाण मानत नाहीत. संस्काराला प्रत्यक्षाची जोड मिळाली की होते ती प्रत्यभिज्ञा, म्हणजे 'हाच तो देवदत्त' असं ज्ञान. त्यासाठी देवदत्त समोर असावा लागतो. घरबसल्या प्रत्यभिज्ञा होत नाही.

आता कुणी म्हणेल, सर, म्हाताऱ्यांच्या हातात आठवणीशिवाय काय असतं? थोडं सुख घेऊ द्या की. ॲरिस्टॉटलनंही म्हटलंय की म्हातारी माणसं आशेपेक्षा आठवणीवर जगतात. मान्य. सुखाला आमचा विरोध नाही. आणि गाठ पडली म्हणजे सगळं गोडच होईल असं आश्वासनही आम्ही देत नाही. तुम्ही उमाळ्यानं भोवऱ्याची गोष्ट काढाल आणि समोरचा म्हणेल, "मले काई याद नाई भाऊ." त्याला विसरण्याचा हक्क आहे. तुमच्यासाठी जे सोनेरी दिवस, ते त्याच्यासाठी मास्तरच्या छडीचे आणि रिकाम्या पोटाचे असतील. तो कदाचित बोलणारही नाही. पण मग निदान आपली आठवण अर्धीच होती, एवढं आपल्याला कळेल. कांटचे परतलेले लोक असेच बरे झाले.

आज मेहकरात बोलायचं म्हणजे ना. घ. देशपांडे यांचं नाव घ्यायलाच हवं. याच गावात त्यांनी वकिली केली, इथंच कविता लिहिली. १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ज्या संग्रहाला मिळाला त्याचं नाव 'खूणगाठी'. खूणगाठ म्हणजे काय, हे नव्या मुलांना सांगावं लागतं. काही करायचं राहून जाऊ नये म्हणून पदराला, धोतराला मारलेली गाठ. ती बघून सुखावायचं नसतं. ती बघितली की उठायचं असतं. चांदोबाचा पिवळा पडलेला अंक, मातीचा बैल, टिपरी, यांचं काय करायचं याचं उत्तर आम्हाला या एका शब्दात दिसतं.

म्हणून एक साधं काम सुचवतो. पुढचा मेळावा ठरवाल तेव्हा मॅट्रिकच्या यादीपासून सुरुवात करू नका. ज्या प्राथमिक शाळेत पहिलीला बसलात तिथं जा. मुख्याध्यापकांना रीतसर विनंती करा. शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असतं. त्यात तुमच्या वर्षी पहिलीत नाव घातलेल्या प्रत्येक पोरापोरीची नोंद असते. नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, नाव काढल्याची तारीख. आणि पुढं एक रकाना असतो : शाळा सोडल्याचं कारण.

तो रकाना सावकाश वाचा. काही ठिकाणी एखादाच शब्द असेल, काही ठिकाणी नुसती रेघ. यातले कोण अजून आहेत, कुठल्या गावी आहेत, विचारा. गावात सांगणारं कुणीतरी असतंच. जे येतील त्यांना पाहुणे म्हणून नका बोलावू, वर्गातले म्हणून बोलवा. जे गेले त्यांची नावं हजेरीसारखी वाचा.

एवढं बोलून आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, वेळ आहे.