चाळीस लाख दिव्यांचे प्राणिसंग्रहालय

अमेरिकेतील ओहायो राज्यात सिनसिनाटी येथे 1875 साली सुरू झालेले एक प्राणिसंग्रहालय आहे. प्रवासी कबुतरांपैकी शेवटची मादी, मार्था, 1 सप्टेंबर 1914 रोजी तेथेच मेली आणि ती जात पृथ्वीवरून नाहीशी झाली. याच आवारात 1982 पासून दरवर्षी नाताळच्या सुमारास दिव्यांचा उत्सव भरतो. एका डिसेंबरात तो पाहण्याचा योग आला.

रोषणाई सुंदर आहे, हे आधीच कबूल करतो. पानगळ झालेल्या झाडांना बुंध्यापासून डहाळीपर्यंत दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या, तळ्याच्या पाण्यात त्यांचे प्रतिबिंब, वडिलांच्या खांद्यावर बसलेली मुले. थंडीमुळे पुष्कळसे प्राणी आतल्या उबदार घरांत असतात. तेव्हा प्राणी पाहायला म्हणून कोणी जाऊ नये. लोकही दिवे पाहायलाच येतात. तिकिटाचा पैसा संस्थेला लागतोच. त्याविषयी तक्रार नाही.

तक्रार आहे ती रोषणाईच्या वर्णनाविषयी. चाळीस लाखांहून अधिक दिवे, आणि सगळे एलईडी, अशी जाहिरात असते. एलईडी म्हणजे विजेची बचत, आणि बचत म्हणजे निसर्गाचे रक्षण, हा अर्थ वाचणारा आपोआप लावतो. जरा आकडेमोड करून पाहू. जुन्या तारेच्या शंभर लहान बल्बांच्या माळेला सुमारे 40 वॅट लागत, तेवढ्याच एलईडींना सुमारे 6 वॅट पुरतात. म्हणजे चाळीस लाख एलईडींना साधारण 240 किलोवॅट. तेवढ्या विजेत जुने बल्ब सहा लाखच लागले असते. बचत खरी आहे, परंतु दिवा स्वस्त झाला की माणूस दिवे वाढवतो. कोळशाच्या बाबतीत जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्येच हे दाखवून दिले होते. उपग्रहांच्या मोजणीनुसार 2012 ते 2016 या काळात पृथ्वीवरील कृत्रिम प्रकाशाने उजळलेला भूभाग दरवर्षी सुमारे 2.2 टक्क्यांनी वाढला. एलईडीचा प्रसार झाला तो याच वर्षांत.

प्राण्याच्या दृष्टीने मात्र विजेचा हिशेब गौणच. त्याच्यापर्यंत वॅट पोचत नाहीत, प्रकाश पोचतो. आणि प्रकाश हे प्राण्यांचे पंचांग आहे. कॅनडातील विल्यम रोवन यांनी 1920 च्या दशकात केलेला प्रयोग वर्गात जरूर सांगावा. त्यांनी जुन्को नावाचे लहान स्थलांतरी पक्षी ऐन हिवाळ्यात उघड्यावरील पिंजऱ्यांत ठेवले. तापमान शून्याच्या बरेच खाली. मात्र संध्याकाळी साधे विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस रोज काही मिनिटांनी लांबवत नेला. बाहेर बर्फ असताना या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंत ऋतूत वाढावीत तशी वाढली. ऊब नव्हती, फक्त उजेड होता. पक्ष्याचे शरीर दिवसाची लांबी मोजून ऋतू ओळखते, हे यातून स्पष्ट झाले.

सिनसिनाटीत डिसेंबरअखेरचा दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा. सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, आणि दिवे रात्री नऊपर्यंत तरी असतातच. बाहेरच्या पिंजऱ्यात असलेल्या किंवा त्या झाडांवर वस्तीला येणाऱ्या पक्ष्याचा दिवस यामुळे लांबतो का? हे अवलंबून आहे त्याच्या बसण्याच्या जागी किती लक्स प्रकाश पडतो यावर. पौर्णिमेच्या चांदण्याचा प्रकाश एक लक्सचाही नसतो. प्राण्यांना इजा होते असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणण्यापूर्वी मोजावे लागेल. परंतु होत नाही असे म्हणणाऱ्यानेही मोजलेले असावे, आणि मोजलेले असल्यास ते प्रेक्षकाला सांगावे. वॅट सांगितले जातात, लक्स नाहीत.

"मग लाल दिवे लावा," असा सोपा उपाय कोणी सुचवेल. अनेक सस्तन प्राण्यांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी ठीक आहे. त्यांच्या शरीरातील घड्याळ डोळ्यांवाटे चालते आणि ते निळ्या प्रकाशाला अधिक दाद देते. पक्ष्यांचे तसे नाही. जाक बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवले, की डोळे नसतानाही बदकाला दिवस लांबल्याचे कळते. प्रकाश कवटीतून थेट मेंदूपर्यंत जातो! लाल प्रकाश तर हाडामांसातून निळ्यापेक्षा अधिक खोलवर शिरतो. टॉर्चवर तळहात ठेवून पाहा, बोटांच्या कडा लालच दिसतील.

प्राणिसंग्रहालयांना हे शास्त्र नवे नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाने 1969 मध्ये 'अंधाराचे जग' नावाचे दालन उघडले. ते 2009 पर्यंत चालले. त्यात निशाचर प्राण्यांसाठी दिवसरात्र उलटी केलेली असे. प्रेक्षकांच्या वेळेत मंद उजेड, ते घरी गेल्यावर लख्ख प्रकाश. प्रकाशाचा असा हिशेब ज्या व्यवसायाला येतो त्याने नाताळच्या दिवसांत तो बाजूला ठेवावा, याचे नवल वाटते.

मार्थाच्या काळातील पक्षीगृहांपैकी एक लहानशी इमारत सिनसिनाटीने स्मारक म्हणून जतन केली आहे. अब्जावधी कबुतरे माणसाने कशी संपवली, ती अप्रिय कथा तेथे सांगितली जाते, आणि हे मोठेपणाचे आहे. (रात्री थव्यांच्या वस्तीवर मशाली घेऊन जाणाऱ्या शिकाऱ्यांचे वर्णन ऑड्युबॉनने लिहून ठेवले आहे. जागा शेजारच्याच केंटकी राज्यातली.) जी संस्था हे सांगू शकते तिच्याकडे उत्सवाच्या वाटेवर एक फलक मागणे जास्तीचे नाही: कोणत्या पिंजऱ्यांपासून दिवे किती दूर ठेवले, कोणते प्राणी आत हलवले, दिवे केव्हा मालवतात. शंभर पावलांची एक वाट मुद्दाम अंधारी ठेवली तरी मुले रोवनच्या पक्ष्यांची गोष्ट तिथे उभी राहून ऐकतील.

आपल्याकडे दिवाळीच्या माळा आता बहुधा एलईडीच्याच असतात. एक जुनी सीडी घ्या. खोलीत अंधार करून पांढऱ्या माळेतील एका दिव्याचे प्रतिबिंब तिच्या चकचकीत बाजूवर तिरके पाहा. आधी निळ्याची ठळक, अरुंद पट्टी, मग एक फिकी जागा, नंतर हिरव्यापासून लालपर्यंतचा रुंद पट्टा दिसेल. ती निळी पट्टी 450 नॅनोमीटरच्या आसपासची. पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळा दिवा असतो, बाकीचे रंग त्यावरच्या पिवळ्या लेपातून येतात. नंतर जुना तारेचा बल्ब लावून तेच पाहा आणि दोन्ही चित्रे वहीत शेजारी शेजारी काढायला सांगा.